साच्याची माती : कुंभकोणम परिसरातील ओतकाम आणि भाजणी

कुंभकोणम या गावाच्या नावातच मातीचे भांडे आहे. प्रलयजलावर तरंगत आलेला अमृतकुंभ शिवाच्या बाणाने येथे फुटला आणि सांडलेले अमृत व काठची वाळू यांच्या मिश्रणातून आदिकुंभेश्वराचे लिंग सिद्ध झाले, अशी स्थलपुराणातील कथा आहे. तमिळ शैव संतांच्या पदांत गावाचे नाव ‘कुडमूक्कु’ असे येते. ‘कुडम’ म्हणजे घडा आणि ‘मूक्कु’ म्हणजे नाक; येथे घड्याचे तोंड वा तोटी. लिंग वाळूमातीचे आहे या श्रद्धेमुळे त्यावर जलाभिषेक केला जात नाही. न भाजलेली माती पाण्यात विरते आणि भाजलेली टिकते, हे कुंभाराच्या व्यवसायातील मूलज्ञान या प्रथेमागे आहे, असे विधान करण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. मात्र ज्या गावाची ओळखच कुंभाशी जोडली गेली, त्याच्या आसमंतात माती आणि अग्नी यांच्या संबंधाचे अत्यंत सूक्ष्म ज्ञान शतकानुशतके व्यवहारात राहिले, ही गोष्ट दंतकथेतील नव्हे, इतिहासातील आहे.

कुंभकोणमच्या पश्चिमेस काही किलोमीटरांवर स्वामिमलई हे गाव आहे. मुरुगनाच्या सहा प्रमुख क्षेत्रांपैकी एक म्हणून भाविक त्याला ओळखतात. कलाभ्यासक त्याला ओळखतात ते मेणाच्या प्रतिकृतीवरून पंचधातूच्या मूर्ती ओतणाऱ्या स्थपतींचे गाव म्हणून. राजराज चोल दुसरा याने बाराव्या शतकात जवळच दारासुरम येथे ऐरावतेश्वराचे मंदिर उभारले. त्या कामासाठी आलेल्या शिल्पकारांचे आपण वंशज आहोत, असे येथील घराणी सांगतात. मूर्ती कशी घडते, तिची ताल-मानपद्धती कोणती, तिच्यातील तांबे-जस्त-शिसे यांचे प्रमाण काय, यांविषयी बरेच लिहिले गेले आहे. ग्रेव्हली आणि टी. एन. रामचंद्रन यांनी १९३२ साली मद्रासच्या सरकारी संग्रहालयातील धातुमूर्तींची सूची सिद्ध केली, पुढे सी. शिवराममूर्ती आणि पी. आर. श्रीनिवासन यांनी १९६३ मध्ये दक्षिण भारतीय कांस्यमूर्तींवर ग्रंथ लिहिले. अलीकडे शारदा श्रीनिवासन यांनी धातूतील शिशाच्या समस्थानिकांच्या आधारे मूर्तींचा काळ आणि घराणे ठरविण्याची दिशा दाखविली. या सर्व अभ्यासाचा विषय धातू हा आहे. ज्या मातीच्या साच्यात तो धातू काही क्षण द्रवरूप होता आणि ज्याच्या गुणधर्मांवर मूर्तीच्या बोटाचे टोक उमटणार की बुजणार हे ठरले, तो साचा इतिहासलेखनातून जवळजवळ गळला आहे.

याचे कारण उघड आहे. साचा फोडल्याशिवाय मूर्ती हाती येत नाही. प्रत्येक साचा एकदाच वापरला जातो आणि त्याचे तुकडे टाकून दिले जातात. वस्तुसंग्रहालयात मूर्ती राहते. तिला जन्म देणारी भाजलेली माती मागे उरत नाही. महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात दायमाबाद येथे १९७४ साली मिळालेल्या उत्तर हडप्पाकालीन भरीव ओतीव वस्तूंचीही हीच स्थिती आहे. रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा जगासमोर आले. साच्याचा इतिहास मात्र अनुमानानेच मांडावा लागतो.

मराठी अभ्यासकाला कुंभकोणम परका वाटण्याचे कारण नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजींनी तंजावरी भोसल्यांचे राज्य स्थापिले, तेव्हापासून १८५५ मध्ये ते खालसा होईपर्यंत हा प्रदेश मराठी राजवटीच्या निकट संबंधात होता. मराठी भाषिक घराणी येथे स्थायिक झाली आणि त्यांतीलच एका घराण्यात, कुंभकोणम येथे, १८२८ साली टी. माधवराव यांचा जन्म झाला. त्रावणकोर व इंदूर येथील दिवाणगिरीनंतर १८७५ ते १८८२ या काळात ते बडोदे संस्थानाचे दिवाण होते. तंजावरी मराठीवरील संशोधन कीर्तन, नाटक, मोडी कागदपत्रे आणि बृहदीश्वर मंदिरातील १८०३ चा दीर्घ शिलालेख यांभोवती स्वाभाविकपणेच केंद्रित झाले. कारागिरी त्यात मागे राहिली. वास्तविक कुंभकोणमच्या ओतकामाची शास्त्रीय चर्चा ज्या ग्रंथावाचून पुढे सरकत नाही, तो ग्रंथ मराठी अभ्यासकांच्या परिचयाचा आहे आणि छापला गेला तोही बडोद्यातच.

हा ग्रंथ म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’. त्याची रचना ११२९ च्या सुमाराची. कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. मराठी आणि कन्नड भाषांच्या सीमेवरचे ठिकाण. संगीतप्रकरणात आलेल्या मराठी पदांमुळे मराठी भाषेच्या आरंभकाळाची चर्चा करताना या ग्रंथाचा उल्लेख नेहमी होतो. गायकवाड प्राच्यग्रंथमालेत गजानन श्रीगोंदेकर यांनी त्याचे संपादन केले. पहिला भाग १९२५ मध्ये, दुसरा १९३९ मध्ये आणि तिसरा १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. देवप्रतिमा ओतण्याची कृती सांगणाऱ्या त्यातील श्लोकांकडे एस. के. सरस्वती यांनी १९३६ साली एका लेखाद्वारे अभ्यासकांचे लक्ष वेधले.

या श्लोकांचा आशय थोडक्यात असा आहे. मेणाची प्रतिमा पूर्ण झाल्यावर तिच्या पाठीवर, खांद्यांवर, मानेवर किंवा मुकुटावर नळ्या बसवाव्यात. नंतर मातीत भाताच्या तुसाची काजळी, बारीक कातरलेला कापूस आणि थोडे मीठ घालून ते सर्व गुळगुळीत दगडावर वाटावे. या मातीचे तीन लेप द्यावेत. पहिला लेप अगदी पातळ असावा आणि तो सावलीत वाळवावा. दोन दिवसांनी दुसरा. तो वाळल्यावर तिसरा, जाड. मेण आधी वजन करून घ्यावे आणि त्या वजनाच्या पटीत धातू घ्यावा. चांदी बारा पट, सोने सोळा पट. तांबे व पितळ यांच्यासाठी पाठभेदाने आठ किंवा दहा पट. मेण वितळवून काढून टाकावे, तापलेल्या साच्यात धातू ओतावा, साचा आपोआप निवू द्यावा आणि मग माती हळूच फोडावी.

पटींचा हिशेब आजच्या मोजणीशी ताडून पाहण्यासारखा आहे. मेणाची घनता पाण्यापेक्षा किंचित कमी असते, कांस्याची पाण्याच्या पावणेनऊ पटींच्या आसपास. म्हणजे सुमारे नऊ पट धातू लागणार. पाठभेदातील आठ आणि दहा हे आकडे त्याच्या दोन्ही बाजूंस आहेत. चांदीचे उत्तर अकरा येते, ग्रंथ बारा सांगतो. नळ्यांत आणि मुखाशी उरणाऱ्या धातूसाठी एवढी वाढ हवीच. शुद्ध सोन्यासाठी मात्र वीस पट लागावे. ग्रंथातील सोळा हा आकडा प्रतिमेसाठी मिश्र सोने वापरले जात असावे असे सुचवितो. ग्रंथकर्ता राजा होता, तरी त्याच्यासमोर कोणीतरी तराजू हाती घेतलेला माणूस बसलेला असला पाहिजे.

लेपांविषयीचे श्लोकही तितकेच व्यवहारी आहेत. तरीही त्यांच्या आधारे कोणी मूर्ती ओतू लागला तर त्याचा पहिला साचा बहुधा फुटेल. घटकद्रव्ये ग्रंथात आहेत, क्रम आहे, काही ठिकाणी काळही आहे. पण माती कितपत मळावी, लेप वाळला हे कशावरून ओळखावे, आच किती वेगाने चढवावी, कोणत्या रंगाला ती थांबवावी, हे तेथे नाही. पाककृतीच्या पुस्तकात पिठाचे माप असते, हाताचा अंदाज नसतो, तसेच हे आहे. आधुनिक सिरॅमिकशास्त्र ज्याला प्रक्रियेची परिस्थिती म्हणते, ती म्हणजे कणांचा आकार, वाळण्याचा वेग, तापमान, तापमान चढण्या-उतरण्याचा वेग आणि भट्टीतील वायू. अंतिम वस्तूचा गुणधर्म मुख्यत्वे या गोष्टींवर ठरतो. स्वामिमलईचे खरे वैशिष्ट्य शोधायचे तर याच ठिकाणी शोधावे लागते.

स्वामिमलईतील आजची पद्धती मूलतः श्लोकांत सांगितल्यासारखीच आहे, परंतु तपशिलात निराळी. मेणात राळ आणि शेंगदाण्याचे तेल मिसळतात. राळेमुळे मेणाला ताठरपणा येतो, तेलामुळे ते कोरणीला वश होते. येथे एक ऐतिहासिक गोष्ट नोंदविली पाहिजे. भुईमूग हे दक्षिण अमेरिकेतील पीक आहे. सोळाव्या शतकापूर्वी ते भारतात नव्हते. म्हणजेच चोलकालापासून कृतीत काहीही बदलले नाही, हे वारंवार केले जाणारे विधान निदान घटकद्रव्यांपुरते तरी टिकत नाही. घटक बदलू शकले, कारण त्या घटकाकडून कोणते काम करून घ्यायचे हे ओतणाऱ्याला ठाऊक होते.

पहिल्या लेपासाठी कावेरीच्या पात्रातील अतिसूक्ष्म गाळमाती घेतात. तमिळमध्ये तिला ‘वंडल मण्’ म्हणतात. तीत भाताच्या तुसाचा कोळसा बारीक करून मिसळतात. दुसऱ्या लेपासाठी भातशेतातील चिकणमाती आणि वाळू, तिसऱ्यासाठी त्याहून भरड मिश्रण. मूर्ती मोठी असेल तर लेपांमध्ये लोखंडी तारा वा सळ्या गुंडाळतात. आतून बाहेर जाताना मातीचा कण मोठा होत जातो, ही या रचनेची किल्ली आहे. सूक्ष्म माती मेणावरील दागिन्याची प्रत्येक रेघ उचलते, पण तिच्यातून वायू सहज निसटत नाही आणि वाळताना ती फार आकसते. भरड माती आकसत नाही, वायूला वाट देते, पण रेघ उचलत नाही. दोन्ही गुण एकाच मातीत मिळणे अशक्य असल्यामुळे ते थरांत वाटून दिले आहेत.

तुसाच्या कोळशाचे काम अधिक गुंतागुंतीचे आहे. भाताच्या तुसात सिलिकेचे प्रमाण असाधारण असते. तूस जाळल्यावर त्याच्या वजनाच्या सुमारे एक पंचमांश राख उरते आणि त्या राखेचा बहुतांश भाग सिलिका असतो. ७०० अंश सेल्सिअसच्या आतबाहेर जळालेल्या तुसातील सिलिका अस्फटिक राहते. आच फार चढली तर तिचे स्फटिकीभवन होते आणि गुणधर्म पालटतात. तूस पूर्ण जाळून राख न करता त्याचा कोळसा करायचा, यामुळे सिलिकेबरोबर कार्बनही उरतो. हा कार्बन साच्याच्या आतील पृष्ठाशी ऑक्सिजन शोषून घेतो आणि धातूवर ऑक्साइडची खपली धरू देत नाही. जेथे तो जळून जातो तेथे सूक्ष्म पोकळ्या राहतात, त्यांतून वायू बाहेर पडतो. कच्चे तूस, कोळसा झालेले तूस आणि पांढरी राख हे एकाच वस्तूचे तीन प्रक्रियाभेद. साच्यासाठी मधलाच उपयोगी. सोमेश्वराच्या ग्रंथात काजळी हा शब्द आहे, राख नव्हे, हे येथे लक्षणीय होय.

सावलीत वाळविण्याच्या नियमामागे दोन कारणे आहेत आणि ती एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. ओल्या मातीतील पाणी निघून जाताना तिचे कण जवळ येतात. उन्हात बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो आणि दोहोंच्या ओढाताणीत भेग पडते. दुसरे कारण मेणाचे. मधमाशांचे मेण ६० अंशांच्या थोडे वर वितळते, पण त्याच्या कितीतरी आधी मऊ पडते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील उन्हाळ्यात ओल्या लेपाच्या भाराने आतल्या मूर्तीचे मनगट वाकू शकते; बाहेरून ते दिसतही नाही. वाळविण्याची घाई केली तर तिची शिक्षा काही आठवड्यांनी, साचा फोडताना मिळते. ओतकामातील बहुतेक चुकांचे असेच आहे. त्या घडतात मातीत आणि उघड होतात धातूत.

भाजणीसाठी गोवऱ्यांचा अग्नी वापरला जातो. उघड्या गोवरीच्या आचेत साधारणपणे ६०० ते ९०० अंश तापमान मिळते. या टप्प्यात मातीत जे घडते ते तीन पातळ्यांवर समजून घेता येते. प्रथम मोकळे पाणी जाते आणि मेण वाहून निघते. ५०० अंशांपलीकडे चिकणखनिजांच्या रचनेत बांधलेले पाणी सुटते; माती पुन्हा भिजवून लगदा करण्याच्या पलीकडे जाते. त्याच सुमारास, ५७३ अंशांना, वाळूतील स्फटिकी सिलिकेचे रूपांतर होते आणि तिचे आकारमान एकदम वाढते. निवताना ते तितक्याच झटक्याने घटते. या टप्प्यावर आच वेगाने चढली वा उतरली तर भेग पडते. १००० अंशांच्या वर गेल्यास ॲल्युमिना आणि सिलिका यांतून म्युलाइट हे कठीण संयुग तयार होऊ लागते, कण एकमेकांत वितळून छिद्रे बुजतात. कुंभकोणमचा ओतणारा या तिसऱ्या पायरीपूर्वीच थांबतो. त्याला कठीण माती नको आहे. धातूचा भार सोसेल इतकी घट्ट, वायू सोडील इतकी सच्छिद्र आणि मूर्तीच्या बोटाला धक्का न लावता ठिसूळपणे गळून पडेल इतकी कच्ची, अशी माती त्याला हवी असते. अर्धवट भाजणे हे त्याचे कौशल्य आहे.

दक्षिणेतील मूर्ती भरीव ओतल्या जातात, ही गोष्ट या सर्व हिशेबाला अधिक कठोर करते. नेपाळात आणि उत्तरेत पोकळ मूर्तींसाठी आत मातीचा गाभा ठेवतात. भरीव मूर्तीत गाभ्याची अडचण नसते, परंतु धातूची राशी आणि तिच्यातील उष्णता कितीतरी पट वाढते. एक मीटर उंचीच्या द्रव कांस्याचा तळाशी दाब वातावरणदाबाच्या चार पंचमांशांच्या घरात जातो. एवढा दाब अर्ध्या कच्च्या मातीच्या भिंतीने एकटीने पेलणे कठीण. म्हणून साचा जमिनीत पुरतात आणि भोवताली माती ठासतात. साचा गरम असतानाच धातू ओतावा लागतो, कारण थंड भिंतीला टेकताच धातू गोठतो आणि टोकापर्यंत पोहोचत नाही. त्यानंतर साचा स्वतःच निवू द्यायचा. घाईने पाणी मारणे निषिद्ध.

अग्नी मोजण्याची ही रीत केवळ मूर्तिकारांची नव्हती. रसशास्त्राच्या ग्रंथांत, विशेषतः पुण्याच्या आनंदाश्रम संस्कृत ग्रंथावलीत छापल्या गेलेल्या ‘रसरत्नसमुच्चया’त, मुशींच्या मातीचे प्रकार आणि ‘पुटे’ यांचे तपशीलवार वर्णन आहे. मुशीच्या मातीतही जळके तूस आहेच. पुट म्हणजे ठराविक मापाच्या खड्ड्यात ठराविक गोवऱ्यांनी दिलेली आच. महापुट, गजपुट, वराहपुट, कुक्कुटपुट असा उतरता क्रम आणि शेवटी अवघ्या आठ गोवऱ्यांचे कपोतपुट. तापमापक नसलेल्या काळात इंधनाची राशी आणि खड्ड्याचे माप यांनी उष्णतेचे प्रमाण बांधून देण्याची ही व्यवस्था होती. ‘स्वांगशीत’, म्हणजे आपल्या ठायीच निवलेले, ही त्यातील संज्ञा तापमान उतरण्याच्या वेगाचे बंधन घालते. पुटांतून निघणारी अनेक भस्मे ही धातूंची ऑक्साइडेच होत. वैद्याला पुटांची संख्या वाढविल्यावर भस्म अधिक बारीक होते हे ठाऊक होते. ते त्याला बोटाच्या रेषांत भरून आणि पाण्यावर तरंगवून तपासता येई.

कुंभकोणमच्या आग्नेयेस नाचियारकोविल हे दुसरे ओतकामाचे केंद्र आहे. पितळी समया, ज्यांना तमिळमध्ये ‘कुत्तुविळक्कु’ म्हणतात, ही तेथील ख्याती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागरकोविलकडून काही कारागीर कुटुंबे या भागात आली आणि कावेरीकाठच्या मातीचा गुण पाहून स्थिरावली, असे सांगितले जाते. माती तीच, वंडल. परंतु समईसाठी मेण लागत नाही. तिचे भाग गोल आणि सुटे असल्यामुळे दोन फळ्यांच्या चौकटींत ओलसर माती ठासून, मधोमध नमुना दाबून आणि काढून घेऊन साचा तयार होतो. तो मूर्तीच्या साच्यासारखा भाजला जात नाही. येथे मातीचा ओलावा आणि ठासणी यांवर सर्व काही अवलंबून असते. ओल अधिक झाली की वाफेने धातूत बुडबुडे, कमी झाली की कडा ढासळतात. एकाच नदीचा गाळ काही कोसांच्या अंतरावर दोन वेगळ्या शिस्तींत काम करतो. स्वामिमलईच्या मातीत काही अद्भुत आहे असे मानणाऱ्यांनी नाचियारकोविलची एक फेरी करावी. माती उत्तम आहे यात शंका नाही. पण तिला मूर्तीचा साचा किंवा समईचा साचा बनविते ती प्रक्रिया.

विसाव्या शतकात हाच विचार सर्वस्वी निराळ्या वाटेने औद्योगिक जगात रुजला. शिकागोचे दंतवैद्य विल्यम टॅगर्ट यांनी १९०७ साली मेणाच्या नमुन्यावरून सोन्याचे दंतभरण ओतण्याची पद्धती मांडली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या इंजिनांसाठी, यंत्राने कोरणे कठीण अशा मिश्रधातूंचे भाग लागू लागले आणि मेणसाचा कारखान्यात शिरला. पुढे मेणाचा नमुना पातळ सिरॅमिक रबडीत बुडवून त्यावर वाळू भुरभुरायची, वाळवायचे, पुन्हा बुडवायचे, असे कवच तयार करण्याची रीत पडली. आतला थर झिर्कॉनच्या अतिसूक्ष्म पिठाचा, बाहेरचे थर भरड. पातळ पहिला लेप, मधली प्रतीक्षा, शेवटचा जाड लेप हा क्रम येथे पुन्हा दिसतो. वितळवून काचरूप केलेली सिलिका अशा कवचात वापरतात, कारण तापल्यावर ती फारशी प्रसरण पावत नाही. उच्च तापमानाला तिचा काही भाग स्फटिकरूप होतो, निवताना तो आकसून तडकतो आणि कवच सहज गळते. जे वैगुण्य अन्यत्र टाळतात, ते येथे कामाला जुंपलेले आहे.

प्रगत ऑक्साइड सिरॅमिकांत याच्या उलट अपेक्षा असते. ॲल्युमिनाचे शुद्ध पीठ दाबून १५०० अंशांहून अधिक तापमानाला, न वितळविता, कणाला कण सांधत घट्ट करतात. या क्रियेला सिंटरिंग म्हणतात. छिद्रे राहिली की प्रकाश विखुरतो आणि वस्तू पांढरी अपारदर्शक दिसते. १९६० च्या सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट कोबल यांनी एक टक्क्याहूनही कमी मॅग्नेशिया मिसळून कणांची अवास्तव वाढ रोखली, त्यामुळे छिद्रे कणांच्या पोटात अडकून न पडता सीमांवरून निघून गेली आणि प्रकाश आरपार जाऊ देणारे ॲल्युमिना सिद्ध झाले. रस्त्यांवरील पिवळ्या सोडियम दिव्यांच्या नळ्या त्याच्याच. झिर्कोनियाची कथा अधिक बोलकी आहे. शुद्ध झिर्कोनिया भट्टीतून निवताना तिची स्फटिकरचना बदलते, आकारमान शेकडा तीन ते पाचाने वाढते आणि वस्तू तडकते. थोडा चुना, मॅग्नेशिया किंवा यट्रिया मिसळून हे रूपांतर आवरता येते. १९७५ मध्ये गार्वी, हॅनिंक आणि पॅस्को या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखविले की हेच रूपांतर योग्य आकाराच्या कणांत दडवून ठेवले तर ते भेगेच्या टोकाशी जागे होते आणि भेगेलाच आवळते. तो कणाचा आकार मिळतो ठराविक तापमानाला ठराविक काळ मुरविल्याने. तोच पदार्थ अधिक वेळ भट्टीत राहिला तर कण वाढतात आणि चिवटपणा नाहीसा होतो. झिर्कॉन खनिज कन्याकुमारी जिल्ह्यातील मणवालकुरिची येथील किनाऱ्याच्या वाळूतून काढले जाते, म्हणजे या नव्या मातीचेही एक मूळ तमिळनाडूतच आहे.

या साम्यावरून कुंभकोणमच्या स्थपतीला आधुनिक सिरॅमिकशास्त्राचा पूर्वज ठरविण्याची घाई काही लेखनात आढळते. ती अनाठायी आहे. टॅगर्ट यांनी ‘मानसोल्लास’ वाचला नव्हता आणि स्थपतीने कणसीमांचा विचार केला नव्हता. दोघांची उद्दिष्टेही भिन्न आहेत. एकाला माती गळून पडायला हवी, दुसऱ्याला ती पोलादासारखी टिकायला हवी. दोघांना जोडणारी गोष्ट वंशपरंपरेची नसून पदार्थाच्या स्वभावाची आहे. सिलिका आणि ॲल्युमिना ही ऑक्साइडे कोठेही, कोणाच्याही हाती, वाळण्याच्या आणि तापण्याच्या वेगाला सारखाच प्रतिसाद देतात. ज्याने तो वेग हाताने ओळखला, त्याच्या ज्ञानाला पूर्वजत्वाच्या प्रशस्तीची गरज नाही. नोंदीची मात्र आहे.

ही गरज आज निकडीची झाली आहे. स्वामिमलईच्या कांस्यमूर्तींना भौगोलिक निर्देशांक मिळाला, नाचियारकोविलच्या समईलाही मिळाला. या संरक्षणाचा कल स्वभावतः स्थळाकडे, म्हणजे व्यवहारात मातीकडे असतो. परंतु १९३४ साली मेट्टूरचे धरण पूर्ण झाल्यापासून कावेरीचा गाळ मोठ्या प्रमाणात वरच अडतो आणि खालच्या पात्रातून वाळूचा उपसा होत राहिला आहे. गोवरीऐवजी अन्य इंधने उपलब्ध झाली आहेत. त्यांची आच अधिक वेगाने चढते आणि ५७३ अंशांचा तो नाजूक टप्पा झटक्यात ओलांडला जातो. माती बदलली तर अनुभवी ओतणारा तुसाचे प्रमाण फिरवून, लेप अधिक दिवस वाळवून मार्ग काढू शकतो, जसा त्याच्या पूर्वजांनी भुईमुगाच्या तेलाचा स्वीकार केला. प्रक्रिया विस्मरणात गेली तर शुद्ध वंडल मातीचा ढीगही उपयोगाचा नाही. आर. एम. पिल्लै आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दक्षिणेतील मेणसाच्यावर लिहिलेला निबंध, तसेच थॉमस लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००८ मधील स्वामिमलईच्या वंशपरंपरागत ओतकारांवरील ग्रंथ, या दिशेची महत्त्वाची कामे होत. कलपाक्कम येथील बलदेव राज आणि सहकाऱ्यांनीही मूर्तींच्या धातूशास्त्रावर लिहिले आहे. मराठीतून या विषयाकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. तंजावरचे मोडी दफ्तर वाचणाऱ्यांनी देवस्थानांच्या आणि राजवाड्याच्या खर्चपत्रांत तांबे, सोने यांच्याबरोबर मेण, राळ, तूस आणि गोवऱ्या यांच्या नोंदी वेगळ्या टिपून ठेवल्या, तर साच्याच्या इतिहासाला एक नवे साधन लाभेल.

दुसरे साधन स्वतः मातीच पुरविते. भाजलेल्या मातीचा तुकडा प्रयोगशाळेत हळूहळू तापविला तर पूर्वी सोसलेल्या तापमानापर्यंत तो नेहमीप्रमाणे प्रसरण पावतो. ते तापमान ओलांडताच सिंटरिंग पुन्हा सुरू होऊन तो आकसू लागतो. मायकेल टाइट यांनी १९६९ साली या तत्त्वावर प्राचीन मृत्पात्रांचे भाजणीतापमान ठरविण्याची पद्धती मांडली. तिच्या मर्यादा आहेत आणि कमी आचेत भाजलेल्या मातीसाठी त्या अधिक जाणवतात. त्यामुळे क्ष-किरणांनी खनिजे तपासून उत्तराची खातरजमा करावी लागते. तरी अग्नीची स्मृती तुकड्यात राहते, एवढे निश्चित. दारासुरम-स्वामिमलईच्या परिसरात पुढे कधी उत्खनन झाले तर मुशींच्या आणि साच्यांच्या तुकड्यांना खापरांच्या ढिगातून वेगळे काढून त्यांवर थर, कण आणि काजळी यांची नोंद करावी लागेल. आज चालू असलेल्या कार्यशाळांत तर उत्खननाचीही आवश्यकता नाही. मूर्ती बाहेर काढल्यावर फोडलेल्या साच्याचे दोनचार तुकडे, आतील आणि बाहेरील थर ओळखता येतील असे, मूर्तीचे माप, धातूचे वजन, वाळविण्याचे दिवस आणि इंधन लिहिलेल्या चिठ्ठीसह एका डब्यात ठेवणे पुरेसे आहे.